सेकंडहँड व्हॅन घाटात गरम होते, दुरुस्ती केली की दहा दिवस बरी आणि पुन्हा तेच – कारण शेवटी कुठे सापडलं ते

आधी गाडी सांगतो म्हणजे तुमच्या गाडीशी जुळतंय का बघता येईल. सात-आठ माणसांची व्हॅन, पेट्रोल आणि सीएनजी, इंजिन पुढच्या सीटच्या खाली, रेडिएटर पुढे बंपरच्या मागे आणि चाल मागच्या चाकांना. २०१३ चं मॉडेल, मी २०२१ मध्ये घेतली तेव्हा ९४ हजार किमी झालेले आणि मी तिसरा मालक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं आणि पंधरा रुपये फुटाची रबरी नळी कुणी कधी बदलली नाही, दोष त्याचा आहे, आणि हे सीटखाली इंजिन असलेल्या कुठल्याही जुन्या व्हॅनला होऊ शकतं.

गाडी घेतली आप्पांसाठी. त्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, मंगळवार आणि शनिवार, नंबर साताऱ्यात लागलाय आणि आम्ही राहतो शिरवळजवळ. म्हणजे एका बाजूला साठेक किमी आणि मध्ये खंबाटकी. येताना बोगदा आहे, पण तेव्हा पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी गाडी घाटानेच चढायची, आणि शनिवारी सकाळी महाबळेश्वरला जाणाऱ्यांची गर्दी झाली की तो घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरपटत चढावा लागायचा. बाराचा स्लॉट चुकला की मशीन दुसऱ्या पेशंटला जातं. व्हॅन यासाठी घेतली की मधली सीट मोकळी ठेवली तर येताना आप्पांना आडवं होता येतं, सरकता दरवाजा मोठा आहे, चढायला-उतरायला त्रास नाही. कारमध्ये हे जमत नव्हतं. म्हणून "विकून टाक ना" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला तरी तो माझ्या कामाचा नव्हता.

त्रास सुरू झाला मे २०२३ मध्ये. सपाटीवर तापमानाचा काटा बरोबर मध्यावर, घाट लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणाला वर सरकायला लागायचा, एसी बंद केला की थोडा थांबायचा, आणि जाम असेल तर सरळ लालमध्ये. गोडसर वास यायचा आणि सीट खालून तापायची, आप्पा पुढे बसलेले असले तर काट्याच्या आधी तेच सांगायचे, "अरे बुडाखाली चटका बसतोय."

आता काय काय केलं ते क्रमाने लिहितो, पैशासकट.

पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला आणि सिस्टीम पाण्याने धुऊन दिली, ८०० रुपये. म्हणाला, "दादा, आपल्या हवेत ह्याची गरजच नाही." हे आपल्याकडे सर्रास करतात आणि ते चुकीचं आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशाला उघडतो, त्याच्या आधी पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर तापवतो. तो काढला की गाडी थंडीत अर्धा तास गार चालते, पेट्रोल-गॅस जास्त खाते, आणि उकळणं थांबेलच असं काही नाही. शंका असेल तर घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने लटकवून बघा, पाणी उकळीला येईपर्यंत तो चांगला उघडलेला दिसला पाहिजे, नाही उघडला तर नवीन घाला, पण रिकामी जागा ठेवू नका.

गाडी दहा दिवस नीट चालली. मग पुन्हा.

दुसऱ्यांदा फॅनची मोटर. फॅन फिरत होता पण "ढिला फिरतो" असं निदान झालं. मोटर १९०० आणि मजुरी ३००. पुन्हा आठ-दहा दिवस बरं. तिसऱ्यांदा रेडिएटरच बदलला, ॲल्युमिनियमचा बाहेरच्या मेकचा ४२००, कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव) ७००, मजुरी ८००, म्हणजे ५७००. हा खर्च मी वाया गेला म्हणणार नाही, कारण जुना रेडिएटर उघडून दाखवला तेव्हा आतल्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर चढलेला होता, घरातल्या गिझरच्या कॉइलवर चढतो ना तसाच, अर्ध्याअधिक नळ्या बंद. बोअरच्या जड पाण्यातला चुना गरम जागेवर बसतो तो असा. तो आज ना उद्या बदलायलाच लागला असता. पण त्यानंतरही बारा दिवसांनी घाटात काटा लालमध्ये गेला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, आप्पा आणि आई गाडीत, घड्याळात अकरा वीस, आणि मला काही सुचत नव्हतं. मागून येणाऱ्या एका जीपवाल्याने दोघांना घेतलं आणि थेट हॉस्पिटलपर्यंत पोचवलं.

चौथ्यांदा दुसऱ्या गॅरेजला इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं. "हेड गॅस्केट (हेडखालची सील पट्टी) गेलंय, त्याशिवाय गाडी अशी उकळणारच नाही." गॅस्केट किट १८००, लेथवर फेसिंग म्हणजे हेड सपाट करणं ९००, ऑइल आणि कूलंट २०००, मजुरी ४५००, बेरीज ९२००. उतरवलेलं गॅस्केट मी मागून घेतलं, अजून माझ्याकडे आहे. दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर कुठेही जळाल्याचा काळा माग नाही. म्हणजे ते गेलेलंच नव्हतं. हेड उघडण्याच्या आधी एक साधी तपासणी असते, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची, कूलंटमध्ये इंजिनाचा जळका वायू मिसळत असेल तर निळा रंग पिवळा होतो. काहीशे रुपयांत होते. ती करा म्हणून आग्रह धरा, आणि ती नसेल तर निदान कॉम्प्रेशन मोजून घ्या, ऑइलची काडी काढून ऑइल दुधाळ झालंय का बघा, सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो का बघा. माझ्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं आणि मी तरी हो म्हटलं, कारण मला फक्त शनिवारी गाडी हवी होती.

चार दुरुस्त्या, एकूण १७,९०० रुपये. आणि अकराव्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली आणि तीच मला इथे नीट सांगायची आहे. चारही दुरुस्त्या वेगवेगळ्या होत्या पण चारही वेळा गाडी आठ-बारा दिवस बरी राहिली. मग चारही वेळा सारखं काय झालं होतं? तर एकच, प्रत्येक वेळी सिस्टीम रिकामी करून कूलंट किंवा पाणी काठोकाठ भरलं आणि हवा काढली. म्हणजे गाडी बरी होत होती ती भरण्याने, नवीन पार्टने नाही. आणि दहा दिवसांत थोडं थोडं करून ते कुठेतरी जात होतं. पण जात असेल तर रेडिएटरला नळीने जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कमी दिसायला हवं, आणि बाटली तर मी रोज सकाळी बघत होतो, कायम वरच्या रेघेपर्यंत भरलेली. म्हणून तर कुणालाच शंका आली नाही.

उलगडा झाला तो सीएनजीच्या माणसाकडे. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, माझी सप्टेंबरात संपत होती म्हणून गेलो. गप्पा मारता मारता त्याला म्हटलं, परवा घाटात गाडी उकळली तेव्हा सीट उचलली तर गॅसच्या रेड्यूसरवर पांढरं दव, जवळजवळ बर्फच धरलेला होता, इंजिन भट्टीसारखं आणि शेजारी हे बर्फाचं, मला वाटलं पावसाळी हवेचं असेल. त्याने हातातलं काम ठेवलं. म्हणाला, "काका, तुमच्या पाण्यात हवा आहे."

कारण असं. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंतच्या दाबाने भरलेला असतो, रेड्यूसर तो दाब एकदम खाली आणतो, आणि दाब उतरला की गॅस प्रचंड थंड होतो. रेड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी त्यातून फिरवलेलं असतं. इंजिन तापलेलं असताना रेड्यूसर गोठला याचा अर्थ गरम पाणी तिथवर पोचतच नाही, वाटेत हवेचा बुडबुडा अडकलाय. म्हणजे एकाच वेळी इंजिन उकळणं आणि रेड्यूसर गोठणं ही एकाच दुखण्याची दोन टोकं. सीएनजी व्हॅनवाल्यांना ही फुकटची खूण आहे. गाडी वीस मिनिटं चालवून थांबवा आणि रेड्यूसरच्या दोन्ही पाण्याच्या नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही गरम पाहिजेत. एक गरम आणि एक गार, किंवा दोन्ही गार, तर हवा आहे किंवा पाणी कमी आहे.

मग हवा येत कुठून होती? त्याने गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर जवळजवळ सव्वा लिटर रिकामा! मी इतके दिवस बाटली बघत होतो, रेडिएटर कधी उघडून बघितलाच नव्हता.

झाकण नुसतं झाकण नसतं, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरतो, साधारण ०.९ बार. त्या दाबाने साधं पाणीसुद्धा ११८ अंशापर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलं असेल तर आणखी वर. दाब धरला नाही तर पाणी शंभरला किंवा त्याच्याही खाली उकळतं, कारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. दुसरा व्हॉल्व्ह उलट्या दिशेचा. इंजिन तापलं की पाणी फुगतं आणि जास्तीचं पातळ नळीतून बाटलीत जातं, इंजिन गार झालं की आत ओढ तयार होते आणि तेच पाणी बाटलीतून परत रेडिएटरमध्ये येतं. माझ्या गाडीत रेडिएटरच्या मानेपासून बाटलीपर्यंत जाणारी ती करंगळीएवढी रबरी नळी मानेजवळ क्लिपच्या खाली चिरलेली होती. दाबाने पाणी बाहेर जायचं, थोडं चिरेतून ठिबकायचं, बाकी बाटलीत, पण परत ओढताना पाण्याऐवजी चिरेतून हवा यायची. रोज एक-दोन कप. बाटली भरत राहायची, वरून सांडायची, रस्त्यावर पडून वाळायची. घरी गाडीखाली कधी थारोळं दिसलं नाही ते त्यामुळे.

मधल्या काळात झाकण एकदा बदललं होतं तरी फरक पडला नव्हता, कारण नळी जुनीच.

खर्च सांगतो: नळी ६०, क्लिपा ४०, झाकण पुन्हा नवीन चांगल्या मेकचं २२०, थर्मोस्टॅट परत बसवला ५५०, कूलंट ३५०. १२२० रुपये, आणि त्या माणसाने मजुरी घेतली नाही. सप्टेंबर २०२३ पासून आजपर्यंत एकदाही काटा वर गेलेला नाही.

तुमच्या गाडीला हेच झालंय का ते पैसे न घालवता असं बघा. बाटलीवर काळी चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा. घाट किंवा लांबचा पल्ला मारून आल्यावर गरम असताना पातळी खुणेच्या वर गेलेली दिसेल, सकाळी गार झाल्यावर ती परत खाली आली पाहिजे. नाही आली तर पाणी परत ओढलं जात नाही, म्हणजे झाकण किंवा नळी. नळी काढून एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकाने पाण्याच्या बादलीत फुंकून बघा, बुडबुडे आले की चीर सापडली (आधी नळाखाली धुवा, कूलंट विषारी असतं, तोंडाने ओढायचं तर अजिबात नाही). बाटलीच्या आत नळी तळापर्यंत जाते का तेही बघा, कधी कधी कुणीतरी ती आखूड कापून ठेवलेली असते, मग तीही हवाच ओढते. आणि सकाळी रेडिएटरचा वरचा जाड होज चपटा झालेला दिसला तर झाकणाचा उलटा व्हॉल्व्ह चिकटलाय.

पण सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही म्हणून एवढं लक्षात घ्या, गाडी *कधी* गरम होते ते आधी वहीत लिहा. सिग्नलला आणि जाममध्येच होते, पळायला लागली की उतरते, तर फॅन, त्याचा रिले, वायरिंग. एसी लावला की फॅन लगेच फिरतो का बघा. पळताना आणि चढावर होते पण उभी असताना नाही, तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. स्टार्ट करून पाच-सात मिनिटांतच होते तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा मोठी हवा धरलीय. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओल दिसते किंवा पुली हलते, तर पंप. आणि तापलेल्या गाडीत काटा अचानक खाली पडला तर बरं वाटून घेऊ नका, सेन्सरभोवतीचं पाणीच संपलेलं असू शकतं, ताबडतोब बंद करा. हेड वाकतं ते त्या पुढच्या दोन किलोमीटरमध्ये.

हवा काढायचं काम या व्हॅनमध्ये कारपेक्षा किचकट आहे कारण रेडिएटर एकीकडे, इंजिन मागे, होज लांब आणि त्यात रेड्यूसरचे जोड. इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करायची, आम्ही गोठ्याच्या उतारावर करतो. हीटर असेल तर पूर्ण गरमवर. झाकण उघडून हळूहळू भरायचं, जाड होज हाताने दाबत राहायचे, बुडबुडे येतील. मग तसंच उघडं ठेवून स्टार्ट करून आयडलवर ठेवायचं, पातळी खाली गेली की भरायचं, वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, फॅन लागायची वाट बघायची, बुडबुडे थांबले की काठोकाठ भरून झाकण लावायचं आणि बाटली मधल्या रेघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पुन्हा उघडून बघायचं, थोडं लागतंच. कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं. बोअरचं नाही, नळाचं नाही, फिल्टरच्या "बिसलेरी"चंही नको.

घाटात उकळली तर: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, माणसं खाली उतरवा. सीट लगेच उचलू नका, वाफ सरळ तोंडावर येते, या गाड्यांत हा धोका बोनेटच्या गाडीपेक्षा जास्त आहे कारण इंजिन तुमच्या मांडीखाली आहे. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नाही. गार पाणी इंजिनावर ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

बाकी व्हॅनचे इतर खर्च थोडक्यात, कारण घेणारे विचारतात. सरकत्या दरवाजाचे रोलर दोन वर्षांतून एकदा जातात, खालच्या पट्टीत माती साठते, ती साफ ठेवली तर टिकतात. मागच्या चाकांना चाल देणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, गिअर टाकला की खालून टक् असा आवाज आला की तो, जोडी मला १४०० ला पडली. सीएनजीवर इंजिनाचे व्हॉल्व्ह लवकर झिजून आत बसतात, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घेत जा. दरवाजाखालच्या पट्ट्या आणि चाकाच्या वरचा पत्रा गंजतो, कोकणातली गाडी असेल तर खाली झोपूनच बघा.

घ्यायला जाल तेव्हा मालकाला आधीच फोन करून सांगा की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण स्वतः उघडा. आत गढूळ तपकिरी पाणी किंवा मानेला पांढरा चुना दिसला तर रेडिएटरचे पाच-सहा हजार किमतीतून कमी करून घ्या. थर्मोस्टॅट आहे का विचारा. सीएनजीची नोंद आरसीवर आहे का, हायड्रो टेस्टची तारीख काय, आणि नोंदणीची १५ वर्षं कधी भरतात ते बघा, पुढे पुनर्नोंदणी, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स हे सगळं तुमच्याच अंगावर येणार. मग गाडी नुसती गल्लीत फिरवू नका, चढावर न्या, अर्धा तास, एसी लावून.

आमच्याकडे आता मंगळवार-शनिवार सकाळी सात वाजता गार इंजिनावर झाकण उघडून बघणं ठरलेलं आहे, दोन मिनिटांचं काम. डिकीत पाच लिटरचा कॅन असतो तयार मिसळलेल्या कूलंटचा. आप्पांना दिवसाला मोजूनच पाणी प्यायला परवानगी आहे, त्यामुळे तहान कायम असते, आणि कूलंट दिसायला सरबतासारखं आणि चवीला गोड, म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीच ठेवायचं नाही. कॅनच्या चारही बाजूंना लेकीने लाल मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "गाडीचं पाणी. आजोबा, हे नाही."